मंडळाची वर्गणी भरू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, विवाह मंडळाची वर्गणी पुन्हा भरू का, असं परवा फोनवर विचारलंत. भरू नका. चाळिशी उलटली माझी. कुठे जमलं नाही म्हणून मी एकटी राहिलेली नाही. मला असंच राहायला आवडतं.

तुमच्या डोळ्यांसमोर बेबीआत्या आहे, ठाऊक आहे मला. पण तिचं नेमकं काय बिनसलं होतं? अख्ख्या घराच्या पोळ्या ती लाटायची आणि तिच्या मालकीची काय, तर कॉटखाली सारलेली एक ट्रंक. कोल्हापूरला मैत्रिणीकडे जायचं तर एसटीच्या भाड्याला तुमच्याकडे हात पसरायचा, तोही आईमार्फत. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. घर त्यांच्या स्वकमाईचं, म्हणजे १९५६च्या वारसा कायद्याने तिचा वाटा तुमच्याइतकाच. उताऱ्यावर तिचं नाव कधी लागलंच नाही. राग मानू नका, पण नवरा नसण्यापेक्षा हेच तिला जास्त नडलं, असं माझं मत आहे.

माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे. बाईच्या नावाने घेतला म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूटही मिळाली. हप्ते चालू आहेत, चालू देत. मृत्युपत्रही केलंय. आई, लगेच ‘शुभ बोल गं’ म्हणू नकोस! दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तरी मी नोंदवून घेतलं. या वयात बाबांना माझ्यापायी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला नकोत.

एकटं वाटतं का? वाटतं की. तापात तर फारच. पण एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते. मागे मी आजारी पडले तेव्हा त्या बेल न वाजवताच आत आल्या, मऊ भात ठेवला आणि कळवलं का नाहीस म्हणून मलाच झापलं. डिसेंबरात सवाईला भारतीय बैठकीचं तिकीट काढून एकटीच जाते. शेजारच्या बायकांचे डबे माझ्यापुढे येतात, माझा त्यांच्यापुढे जातो. मध्येच उठून चहाला जायचं की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आणि ‘एकटीसाठी कोण रांधतंय’ हे तुझं पालुपद, आई. होळीला पाव किलो डाळीचं पुरण घातलं होतं मी. यंत्रातून काढताना हात भरून आले. पहिली पोळी फुटली, बाकीच्या झकास. कटाची आमटी मात्र दोन दिवस पुरली.

पुढच्या महिन्यात या दोघं. लिफ्ट दुरुस्त झालीय. मृत्युपत्राची प्रत बाबांसाठी काढून ठेवलीय, व्याकरणाच्या चुका काढायला हरकत नाही. बाबांना पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, आईला अर्धं तिकीट. आधार कार्ड विसरू नका, नाहीतर कंडक्टर ऐकायचा नाही.

तुमची,
धाकटी