गेट (चालण्याच्या तपासणीच्या) अहवालावर कॅलिब्रेशनची तारीख हवी

संपादक महोदय,

पुण्यात चालण्याची तपासणी करून घेणाऱ्या रुग्णाच्या हाती जो अहवाल पडतो, त्यात गुडघा किती अंश वाकला हे दशांशापर्यंत छापलेले असते. हे मोजणारे मोशन कॅप्चरचे कॅमेरे, म्हणजे अंगावर चिकटवलेल्या चमकत्या गोळ्यांची (मार्करची) हालचाल टिपणारे कॅमेरे, शेवटचे कधी कॅलिब्रेट झाले, म्हणजे त्यांची जागा आणि मोजमाप कधी जुळवून घेतले, ते मात्र नसते. ही माहिती अहवालावर यायलाच हवी.

कॅमेरा ०.१ अंशाने वळला तरी सहा मीटरवर मार्करची दिशा सुमारे एक सेंटिमीटरने चुकते. त्यासाठी ट्रायपॉडला झाडू लागला तरी पुरते. म्हणून कॅमेरे भिंतीवर पक्के बसवलेले बरे. शंका आली तर एक मार्कर जमिनीवर स्थिर ठेवून एकेका कॅमेऱ्यापुढे हात धरावा. हात धरताच स्क्रीनवरच्या मार्करने उडी मारली, तर तो कॅमेरा हललेला असण्याची दाट शक्यता आहे.

कॅमेरे सुरू केल्याकेल्या कॅलिब्रेशन उरकणे, ही नेहमीची चूक. तापताना कॅमेऱ्याचे भाग किंचित प्रसरण पावतात आणि सकाळचे आकडे दुपारी जुळत नाहीत. एसी लावून कॅमेरे निदान अर्धा-पाऊण तास चालू ठेवावेत. पडदे ओढावेत, कारण हे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश टिपतात आणि तो उन्हातही असतो. पावसाळ्यात खुंटीवर टांगलेला रेनकोट आधी बाहेर न्यावा. त्याची चमकती पट्टी कॅमेऱ्याला मार्करच वाटते. सॉफ्टवेअरमध्ये ती मास्क करून टाकणे सोपे, पण चित्राचा तेवढा भाग आंधळा होतो आणि रुग्णाचा मार्कर तिथे आला की गायब होतो. जे हलवता येतच नाही तेवढेच मास्क करावे.

मग वाँड, म्हणजे ठरावीक अंतरावर मार्कर बसवलेली कॅलिब्रेशनची काठी. ती आठच्या आकड्यात, सावकाश, चालण्याच्या पूर्ण पट्ट्यात फिरवायची. बहुतेक जण छातीच्या उंचीवरच फिरवतात आणि घोट्याचे मार्कर नेमके जमिनीलगत असतात! वाँड एकदा आपटली असेल तर तिच्यावरच्या मार्करांमधले अंतर तपासल्याशिवाय वापरू नये, नाहीतर सगळी मोजमापे त्याच प्रमाणात चुकतील आणि स्क्रीनवर त्रुटी मात्र छान कमी दिसेल.

शेवटी एल-फ्रेम, म्हणजे मोजमापाचा शून्यबिंदू आणि दिशा ठरवणारी काटकोनी चौकट, फोर्स प्लेटच्या (पावलाचा भार मोजणाऱ्या जमिनीतल्या पाटाच्या) कोपऱ्याला चिकटवून, लेव्हल पाहून ठेवावी. इथली चूक सर्वांत महाग. ७० किलोच्या माणसाचा जमिनीवरचा भार सुमारे ७०० न्यूटन. फ्रेम एक सेंटिमीटर सरकली, तर सांध्यावरच्या मोमेंटमध्ये (सांधा वळवणाऱ्या जोरात) ७ न्यूटन-मीटरपर्यंत फरक पडतो. काही नव्या प्रणाली काम चालू असतानाच कॅलिब्रेशन सुधारत राहतात, पण फ्रेम चुकीच्या जागी ठेवली होती हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही.

कॅलिब्रेशन उत्तम असूनही मार्कर हाडाच्या उंचवट्यापासून सेंटिमीटरभर बाजूला चिकटवला तर अहवाल चुकतोच. पण ते कौशल्याचे काम आहे. कॅलिब्रेशन तर रोज सकाळी, आणि कॅमेऱ्याला कोणाचा हात लागला की लगेच, पाऊण तासात होणारे आहे.

अहवालाच्या तळाशी कॅलिब्रेशनची तारीख, वेळ आणि मिलिमीटरमधली त्रुटी एवढी एक ओळ पुरेल. रुग्णांनी व डॉक्टरांनी ती मागावी, आणि यंत्रणा खरेदी करणाऱ्या संस्थांनी निविदेतच तशी अट घालावी.

– मोशन कॅप्चर क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, पुणे