फुटाला किती, असं विचारलंत म्हणून

पुणे

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, फरशी घासून पॉलिश करायचे फुटाला किती घेतेस, आणि वर म्हणालात, "नवीन आहेस तोवर दोन पैसे कमी घे, गिऱ्हाईक बांधलं जाईल." मी नुसतं हो-हो केलं, कारण मागे मशीन चालू होतं. पण मला ते पटलेलं नाही, आणि फोनवर सांगायला गेले तर आपलं वाजेल. म्हणून लिहितेय. आईलाही वाचून दाखवा, तिच्यासाठी शेवटी मजकूर आहे.

लोक व्हॉट्सॲपवर फरशीचा फोटो टाकतात आणि खाली एकच शब्द, 'रेट?' फोटोत सगळ्या फरश्या सारख्याच मळकट दिसतात. जागेवर गेल्यावर कळतं, हॉलमध्ये मोझॅक आहे, पॅसेजला कोटा, मोरीत शहाबादी आणि देवघरापुढे हौसेनं बसवलेला मकराण्याच्या संगमरवराचा तुकडा. संगमरवर मऊ, लवकर घासला जातो, पण ओरखडाही लवकर दाखवतो. ग्रॅनाइट फार कडक, पॅड खातो, म्हणजे मशीनखालची घासायची चकती लवकर झिजवतो. आणि मोझॅकला रंगीत चिपांचा वरचा थर असतो जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. चाळीस वर्षांत कोणी दोनदा घासून गेलेलं असेल तर हातात काय उरलंय ते आधी बघावं लागतं. अल्टरला आलेल्या पँटची शिवण उलटी करून आत माया किती आहे ते बघितल्याशिवाय तुम्ही कधी पैसे सांगितलेत का?

तर मी आधी नमुना करते. दाराआड, कोणाच्या नजरेत येणार नाही असा दोन बाय दोनचा तुकडा. हातमशीन, पाणी, ६० नंबरच्या खरबरीत पॅडपासून सुरुवात, मग १२०, २००, ४०० असं बारीक होत चढत जायचं. पहिल्यांदा नुसती राखाडी रबडी येते. वायपरनं ओढली की खालून चिपा वर येतात, पिवळ्या, हिरव्या, चॉकलेटी, आणि घरातल्या बाई हमखास म्हणतात, "अगंबाई, हा रंग होता होय!" त्यांना रंग बघू दे, मी दुसरंच बघत असते. लोखंडी कपाटाच्या पायाचा गंज १२० नंबरनंतर फिका पडतोय का. सांधे किती खोल गेलेत. दोन लाद्यांच्या कडांवरून नख फिरवलं तर अडकतं का. अडकलं म्हणजे लेव्हल करायला हवी, त्यासाठी मोठ्या मशीनला मेटलचे सेगमेंट, म्हणजे जोरात घासणारे तुकडे, लावून सुरुवात करायची, आणि काम एक दिवसानं वाढलं. गंज खोल असेल तर 'डाग पूर्ण जाईलच असे नाही' हे कोटेशनमध्ये मराठीत लिहून देते आणि त्याखाली सही घेते.

आता हिशेब. सहा ब्रासचं घर, म्हणजे ६०० चौरस फूट, जुना मोझॅक, चार दिवसांचं काम. दोन कारागीर १,२०० रुपयांनी, एक हेल्पर ८०० ला, रोजचे ३,२००. चार दिवसांचे १२,८००. टेम्पो जाऊन-येऊन ३,०००. पॅड आणि सेगमेंट झिजतात ते फुटाला साधारण ६ रुपये धरते, त्याचे ३,६००. मशीनचा घसारा दिवसाला ५००, ते २,०००. सांध्यांचं मटेरियल, पॉलिशची पावडर, भिंतींना आणि कपाटांना लावायचं प्लॅस्टिक, टेप, मास्क, रबडी भरून न्यायच्या गोण्या, मिळून २,६००. बेरीज २४,०००. म्हणजे फुटाला ४० रुपये माझ्या खिशातून गेले, आणि अजून मी स्वतःचा एक रुपया धरलेला नाही.

मी ५५ सांगते. ३३,००० झाले, उरले ९,०००. त्यातच पेट्रोल, नमुन्याला घातलेले पण काम न मिळालेले अर्धे-अर्धे दिवस, आणि पावसाळ्यातले रिकामे आठवडे. तुमचं ऐकून ४५ लावला तर उरतात ३,०००. आणि काम एकच दिवस लांबलं तर हजेरी अधिक मशीन, ३,७०० वाढले. म्हणजे दुसऱ्याची फरशी मी पदरमोड करून चकचकीत केली. शिवाय स्वस्तात केलेलं काम बघून जो दुसरा येतो तो माझ्या कामासाठी येत नाही, त्याच दरासाठी येतो. मग तो दर मला वर चढवता येत नाही.

२५ रुपयांत करणारे आहेत, तेही तुम्ही विचाराल. आहेत. दोनच नंबरांचे पॅड फिरवतात, वर मेण चोपडतात आणि दिवाळीपर्यंत छान दिसतं. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही, आणि मला त्या लोकांची चीडही नाही. भाड्यानं द्यायच्या घराला तेवढंच पुरतं, मी स्वतः एका घरमालकाला तसं सांगून परत पाठवलंय.

फुटात न बसणाऱ्या गोष्टीच जास्त आहेत. भिंतीच्या कडेला मोठं मशीन जात नाही, तिथे गुडघ्यावर बसून हातमशीन, म्हणून कडा आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. जिना पायरीवर. लिफ्ट नसेल तर शंभर किलोच्या वरचं धूड तिसऱ्या मजल्यावर चढवायचे वेगळे. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार आवाज बंद, त्या वेळात कारागीर चहा पितात आणि हजेरी चालूच. राहतं घर असेल तर निम्मा वेळ सोफा इकडचा तिकडे करण्यात जातो, म्हणून सामान कोण हलवणार हे पहिल्याच दिवशी ठरवते. आणि साठ फुटांची बाल्कनी असली तरी टेम्पो तोच आणि दिवस तोच, तिथे फुटाचा हिशेब लावतच नाही, उक्ती रक्कम सांगते. ऐकून लोक चमकतात.

पैशाचं म्हणाल तर ४० टक्के आधी, ४० घासाई संपल्यावर, २० शेवटी. सोसायटीच्या लॉबीचं काम मिळालं तर १ टक्का टीडीएस कापतात, तो मागाहून रिटर्नमध्ये मिळतो. उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, पण मोठी कामं जीएसटीच्या बिलाशिवाय हलत नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षी घ्यावीच लागेल.

आई, तुझं काळजीचं. पाणी लावून घासतो, त्यामुळे धूळ फार उडत नाही. ग्रॅनाइट कोरडा घासू द्यायचा नाही हा माझा नियम आहे, त्यातली सिलिका बारीक होऊन फुफ्फुसात बसते. कारागीर मास्क काढून ठेवतात, मी ओरडते, ते "हो ताई" म्हणतात आणि पुन्हा काढतात. आणि तू मोरीतल्या शहाबादीवर ते बाथरूमचं ॲसिड ओतणं बंद कर. फेस येतो तो मळाचा नाही, चुनखडीचा दगड आहे तो, दगडच विरघळतोय. साधा साबण आणि काथ्या पुरे.

मामाचा फोन आला होता. बार्शीतल्या घराचा हॉल करायचाय, "भाचीचंच काम आहे, पैशाचं काय ते बघू" म्हणाला. त्याला माझी मजुरी लावणार नाही. पण कारागीर, टेम्पो, पॅड आणि पोरांचं जेवण-राहणं त्याला द्यावं लागेल, आणि ते मी लिहूनच पाठवणार आहे. आई, तू मधे पडून "राहू दे गं" म्हणू नकोस. बाबा, तेवढं एक करा, त्याच्या हॉलची लांबी-रुंदी टेपनं मोजून कळवा, तुमचं माप चुकत नाही. आणि दाराजवळच्या लाद्यांच्या कडांवरून नख फिरवून बघा.

तुमची,
मनू