तक्रार पत्र: सेटिंग्ज सगळ्या सांगितल्यात, टूल चालवायचे कसे ते सांगा

प्रति,
प्रमुख, डॉक्युमेंटेशन विभाग
प्रत: प्रमुख, ग्राहक साहाय्य विभाग

विषय: तुमच्या जॉब शेड्युलरसाठी सखोल वापर-मार्गदर्शिका नसल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

आमची कंपनी तुमच्या जॉब शेड्युलरची (ठरलेली कामे, म्हणजे जॉब, आपोआप चालवणाऱ्या टूलची) सशुल्क ग्राहक आहे. रात्रीची बिले, अहवाल, इतर प्रणालींशी होणारी देवाणघेवाण, सगळे त्यावर चालते. उत्पादन चांगले आहे. नसते तर पत्र लिहीत न बसता आम्ही दुसरे टूल शोधले असते. तक्रार डॉक्युमेंटेशनबद्दल आहे. माहिती कमी आहे असे माझे म्हणणे नाही, माहिती ढीगभर आहे. ती सगळी वाचूनही टूल प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामावर, नीट कसे चालवायचे ते कळत नाही, हे दुखणे आहे.

घडले ते असे. आमचे बिलिंगचे जॉब काही मिनिटे चालतात. एका रात्री नवी आवृत्ती डिप्लॉय होत असताना, म्हणजे चालू प्रणालीवर चढत असताना, कुबरनेटीसने (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालू-बंद करणाऱ्या प्रणालीने) जुने वर्कर, म्हणजे जॉब प्रत्यक्ष चालवणारे प्रोग्रॅम, बंद करायला घेतले. पॉड (वर्कर ज्यात चालतो तो कप्पा) बंद करताना आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरते घे' असा संदेश, जातो आणि ठरलेली मुदत संपली की सिगकिल, म्हणजे सक्तीने बंद. ही मुदत आपण वेगळी दिली नसेल तर 30 सेकंद असते. तेवढ्यात आमचा जॉब संपणे शक्यच नव्हते. जॉब अर्ध्यावर मारले गेले, तुमच्या शेड्युलरमधली त्यांची लीज (जॉबवरचा वर्करचा ठरावीक वेळेचा ताबा) संपली, शेड्युलरने ते दुसऱ्या वर्करकडे सोपवले आणि त्या वर्करने पहिल्यापासून सुरुवात केली. ज्यांना बिल आधीच गेले होते त्यांना ते पुन्हा गेले. सकाळी आमच्याकडे फोन सुरू झाले.

तुमच्या साहाय्य विभागाने तिकिटावर उत्तर दिले: 'जॉब किमान एकदा चालेल एवढीच हमी आहे, त्यामुळे हे अपेक्षित वर्तन आहे. जॉब इडेम्पोटंट लिहावेत.' इडेम्पोटंट म्हणजे दोनदा चालला तरी परिणाम एकदाच होईल असा. किमान एकदा म्हणजे कधी दोनदाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही बिलिंगच्या एपीआयला (बिले काढणाऱ्या सेवेला) प्रत्येक वेळी एक ओळख-की पाठवत होतो, म्हणजे तीच की पुन्हा आली तर दुसरे बिल निघू नये. ती की म्हणून रन-आयडी (जॉबच्या एका फेरीचा क्रमांक) वापरला होता, कारण तुमच्या 'पहिली पावले' या पानावरच्या उदाहरणात तोच वापरला आहे. लीज संपून जॉब पुन्हा सुटला की रन-आयडी नवा मिळतो, बदलत नाही तो जॉब-आयडी, हे आम्हाला तिकिटाच्या चौथ्या उत्तरात कळले. तिथेच असेही कळले की वर्करला 'नवे काम घेऊ नको, हातातले संपव' असे सांगणारा ड्रेन मोड आहे आणि डिप्लॉय करताना तो वापरणे 'श्रेयस्कर' आहे. श्रेयस्कर आहे तर ते डिप्लॉयच्या पानावर का नाही?

लीजच्या पानावर काय आहे ते बघा: 'लीज-मुदत: जॉबच्या लीजची मुदत, सेकंदांत.' झाले, संपले. ड्रेन मोड कमांड लाइनच्या यादीत आहे, रीट्राय (फसलेला प्रयत्न पुन्हा करणे) तिसऱ्याच पानावर, आणि वर्कर बंद होताना नेमके काय होते ते चौथ्या. एकाही पानावर दुसऱ्याचा उल्लेख नाही. आमचा घोटाळा या चारांपैकी कुठल्याही एका सेटिंगमुळे झाला नाही, चारांच्या एकमेकींशी असलेल्या नात्यामुळे झाला, आणि ते नाते तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कुठेच लिहिलेले नाही. औषधाच्या बाटलीवर घटक सगळे छापावेत, पण मात्रा किती आणि कशाबरोबर घेऊ नये ते गाळावे, असा हा प्रकार आहे.

'उत्तम पद्धती' नावाचे एक पान तुमच्याकडे आहे, हे मान्य. त्यावर लिहिले आहे की जॉब लहान ठेवा, मॉनिटरिंग करा, पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. याला कोण नाही म्हणेल? पण जॉब लहान म्हणजे किती लहान? एका फाइलमधल्या हजारो ओळींसाठी हजारो जॉब करायचे की शंभर-शंभरच्या तुकड्या पाडायच्या? तुकडी अर्ध्यात पडली तर आधीच्या ओळींचे काय? प्रोग्रॅमर तिथे अडतो, आणि तुमचे पान नेमके तिथेच संपते.

याच प्रश्नांवर तुमच्या प्रतिनिधींचे ठरलेले उत्तर असते, 'ते तुमच्या वापरावर अवलंबून आहे.' असेल. मग कशावर आणि कसे अवलंबून आहे, तेच लिहा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये शेअर्ड बफर्सची (डेटाबेसने स्वतःसाठी राखायच्या मेमरीची) नोंद वाचून बघा. फक्त डेटाबेससाठी ठेवलेला, 1 जीबी किंवा जास्त मेमरीचा सर्व्हर असेल तर मेमरीच्या 25 टक्क्यांपासून सुरुवात करा. 40 टक्क्यांच्या वर नेऊन फायदा होण्याची शक्यता कमी, कारण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवरही विसंबून असते. आणि हा आकडा वाढवलात तर वॉलच्या (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीच्या) कमाल आकाराचा आकडाही बहुधा वाढवावा लागेल. एका परिच्छेदात सुरुवातीचा आकडा आला, त्यामागची अट आली, मर्यादा आणि तिचे कारण आले, आणि सोबत कोणती दुसरी सेटिंग हलवायची तेही आले. अवलंबून तर तिथेही सगळे वापरावरच आहे.

आणखी दोन उदाहरणे देतो, कारण 'असे कोणी करत नाही' हे मला ऐकायचे नाही. बियार्ने स्ट्राउस्ट्रप आणि हर्ब सटर यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये जाहीर झालेल्या सी प्लस प्लस कोअर गाइडलाइन्समध्ये (त्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वापराच्या नियमांत) नियमाबरोबर कारण आणि उदाहरण असते, गरज असेल तिथे अपवादही. अपवाद लिहिलेला असला की वाचणाऱ्याचा नियमावर विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे. दुसरे, एसक्यूलाइट. आपला डेटाबेस कुठे वापरावा आणि कुठे क्लायंट-सर्व्हर पद्धतीचा (वेगळा सर्व्हर लागणारा) डेटाबेस बरा पडेल, हे त्यांनी स्वतःच एका पानावर सांगितले आहे. तुमच्या विक्री विभागाला असले पान रुचणार नाही, कल्पना आहे. पण चुकीच्या कामाला तुमचे टूल लावून वर्षभर कुढणाऱ्या ग्राहकापेक्षा वेळीच दुसरीकडे गेलेला ग्राहक तुमच्याबद्दल चार शब्द बरे बोलेल.

माझी मुख्य हरकत याहून वेगळी आहे. हे ज्ञान तुमच्याकडे नाही असे नाही. तिकीट वरच्या टीमकडे गेल्यावर ज्या इंजिनिअर आमच्याशी बोलल्या, त्यांनी अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये जे सांगितले ते तुमच्या संपूर्ण संकेतस्थळावर नाही. रीट्रायचेच घ्या. एचटीटीपी लायब्ररी (दुसऱ्या सेवेला विनंती पाठवणारा तयार कोड) 3 वेळा प्रयत्न करते, आमचा कोड 3 वेळा, वर तुमचा शेड्युलर 3 वेळा. म्हणजे पलीकडची सेवा आधीच धापा टाकत असताना एका कामासाठी तिच्यावर 27 विनंत्या जाऊन आदळतात. रीट्राय एकाच थरात ठेवा, दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा घाला, म्हणजे सगळे वर्कर एकाच क्षणी पुन्हा तुटून पडणार नाहीत, असे त्यांनी समजावले. तुमच्या टूलमध्ये या यादृच्छिकपणासाठी जिटर नावाची सेटिंगही आहे आणि ती मुळात बंद असते! रीट्रायच्या पानावर तिचे वर्णन: 'जिटर: जिटर सुरू किंवा बंद करते.'

असे ज्ञान सल्लासेवेचे वेगळे पैसे मोजणाऱ्यांना किंवा तिकीट पुरेसे वर चढवणाऱ्यांना मिळते, बाकीच्यांना ठेच लागल्यावर. तुमच्या साहाय्य विभागाला हे परवडते कसे, मला कळत नाही. तेच प्रश्न, तीच उत्तरे, रोज नव्या तिकिटावर. बंद झालेली तिकिटे चाळलीत तर मार्गदर्शिकेची अनुक्रमणिका तिथे आयती मिळेल.

तेव्हा मागणी अशी. सर्वांत आधी लीज, रीट्राय, ड्रेन आणि डिप्लॉय यांवर मिळून एकच मार्गदर्शिका लिहा; काही मिनिटे चालणारा, मध्येच मारला जाणारा आणि बाहेरच्या सेवेला हात लावणारा जॉब त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवा. 'हॅलो' छापणाऱ्या जॉबला कधी काही होत नाही, त्याचे उदाहरण आम्हाला नको. त्यानंतर वर्कर आणि क्यू (जॉबच्या रांगा) किती ठेवावेत, आणि चालू जॉब असताना आवृत्ती कशी बदलावी, हे विषय घ्या. सल्ला कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते प्रत्येक पानावर लिहा. जुना सल्ला नव्या आवृत्तीत घात करतो. आणि हे सगळे पान म्हणून हवे आहे, शोधता येईल असे. नाव-नंबर भरून घेऊन निम्मा वेळ नव्या योजना दाखवणारा वेबिनार नको.

'पहिली पावले' मधले रन-आयडीचे उदाहरण मात्र मार्गदर्शिकेची वाट न बघता लगेच बदला. ते आजही तसेच आहे, आणि आज कोणीतरी ते कॉपी करत असेल.

आमच्या कराराचे नूतनीकरण या तिमाहीत आहे. त्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर आणि पहिल्या मार्गदर्शिकेची तारीख मिळावी. तिकिटावरचा संपूर्ण पत्रव्यवहार आणि त्या रात्रीचे लॉग सोबत जोडले आहेत. आमच्या ग्राहकांची नावे त्यातून काढली आहेत. मार्गदर्शिकेचा कच्चा मसुदा वाचून त्यावर शेरे द्यायला आमची टीम तयार आहे.

आपला,
प्लॅटफॉर्म टीम प्रमुख
(सशुल्क ग्राहक)

सोबत: तिकिटाची प्रत, वर्करचे लॉग