विषय : एकच नाव सहा वेळा लिहिण्याबाबत

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' असं लिहायला हात आपोआप वळतो. ३३ वर्षं तेच लिहिलं. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तालुक्यातालुक्याच्या फौजदारी न्यायालयांत बदल्या झाल्या आणि गेल्या वर्षी सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता या पत्राला जावक क्रमांक नाही, वरिष्ठांमार्फत पाठवायचं बंधन नाही, म्हणून घरच्या भाषेत लिहिते.

सोमवारी सकाळी पोलीस ठाण्याचा पैरवी हवालदार, म्हणजे न्यायालयाची कामं पाहणारा पोलीस, दोषारोपपत्रांचा गठ्ठा घेऊन येतो. समजा, पहिल्या दोषारोपपत्रात चार आरोपी आहेत. आधी तपासणी: कलमं बरोबर आहेत का, साक्षीदारांची यादी आहे का, मुद्देमाल किती, प्रत्येक आरोपीला द्यायच्या नकला जोडल्यात का. मग त्या चौघांची नावं आवक नोंदवहीत लिहायची. ती झाली एक. मग संगणकात इंग्रजीत, ती दोन. त्याच पडद्यावर शेजारच्या रकान्यात मराठीत, ती तीन. मग आरसीसीच्या, म्हणजे नियमित फौजदारी खटल्यांच्या, जाडजूड रजिस्टरमध्ये पेनने, ती चार. मुद्देमाल आला असेल तर त्या रजिस्टरला, पाच. पुढे कुणी तारखेला आला नाही आणि वॉरंट निघालं की वॉरंटच्या रजिस्टरला, सहा. आम्ही मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची टायपिंगची परीक्षा देऊन आलेली माणसं. लिहायचा कंटाळा नाही. पण तेच नाव सहाव्यांदा लिहिताना 'ज्ञानदेव'चा 'ज्ञानेश्वर' कधी होतो ते कळत नाही.

आणि गंमत अशी की हे नाव आमच्याकडे यायच्या आधीच संगणकात असतं. ठाण्यात एफआयआर नोंदवला तेव्हाच ते सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक जाळ्यात टाइप झालेलं असतं. पोलिसांची ही योजना केंद्राने २००९ मध्ये मंजूर केली. न्यायालयांची ई-कोर्ट योजना त्याच्याही आधीची, २००७ ची. दोघांना जोडणारी आयसीजेएस नावाची व्यवस्था आहे, २०२२ मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्याला ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले, आणि तेव्हा सांगितलेलं तत्त्व होतं: माहिती एकदाच भरायची, पोलीस, न्यायालय, तुरुंग, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा या सगळ्यांनी तीच वापरायची. तत्त्व इतकं चांगलं आहे की कुणी ते आमच्या टेबलावर आणून द्यावं अशी वाट पाहत मी निवृत्त झाले.

खोटं कशाला सांगू, सोय आहे. आमच्या सीआयएसमध्ये, म्हणजे न्यायालयातल्या प्रकरणांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये, एफआयआरचा क्रमांक टाकून पोलिसांकडची माहिती ओढून घेता येते. पण मी ज्या न्यायालयांत काम केलं तिथे ती ओढली की कधी चारपैकी तीनच आरोपी यायचे, कधी तपासात वाढलेली कलमं यायचीच नाहीत. आणि इंग्रजी स्पेलिंग तर ठाण्यागणिक वेगळं. सावंतांच्या नावात कुणी व्ही घालतो, कुणी डब्ल्यू. चव्हाणांचं स्पेलिंग किती तऱ्हांनी होतं ते मोजायचं मी सोडून दिलं. मग नाव टाकून शोधलं की प्रकरण सापडत नाही, आणि खिडकीशी उभी असलेली बाई म्हणते, 'कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे केस मिटली का हो?' तेव्हा ओढलेलं खोडून पुन्हा सगळं टाइप करणं हेच सोपं पडायचं. तालुका न्यायालयाची भाषा मराठी, एफआयआर मराठीत, दोषारोपपत्र मराठीत, आरोपी आणि फिर्यादी मराठी. तर मग देवनागरीतलं नावच मूळ धरून इंग्रजी स्पेलिंग यंत्राला करू द्या, माणसाकडून का करून घेता?

मी संगणकाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. मी टाइपरायटरवर समन्स काढलेली आहेत, कार्बन घालून. पूर्वी पुढची तारीख विचारायला म्हातारी माणसं एसटीने ४० किलोमीटर यायची आणि न्यायाधीश साहेब रजेवर असले की तशीच परत जायची. आता नातू मोबाइलवर प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकतो आणि तारीख सांगतो. सीआयएस पुण्याच्या एनआयसीमधल्या, म्हणजे केंद्राच्या संगणक संस्थेतल्या, लोकांनी बनवलं, देशभरच्या तालुका न्यायालयांत ते चालतं, याचा मला अभिमानच आहे. तक्रार एवढीच की संगणक आला तेव्हा रजिस्टर गेलं नाही. सून आली, पण सासूने किल्ल्या सोडल्या नाहीत. आणि राबायचं कोणी, तर सुनेनेही नाही आणि सासूनेही नाही, कारकुनाने.

याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो ते सांगते. दुसऱ्या शनिवारची संध्याकाळ होती. एका वकिलांचा फोन आला. त्यांचा आरोपी, साठीचा माणूस, बांधावरच्या जुन्या मारामारीतला. ऊसतोडीला गेल्यामुळे दोन तारखा चुकल्या होत्या आणि अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं. गुरुवारी तो स्वतः न्यायालयात हजर झाला, अर्ज दिला, साहेबांनी वॉरंट रद्द केलं. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारखेवार नोंदीत, ते लिहिलं गेलं, मी वॉरंट रजिस्टरमध्ये शेरा मारला. ठाण्याला कळवायचं पत्र टाइप होऊन माझ्या ट्रेमध्ये पडलं होतं, कारण शुक्रवारी पैरवी हवालदार बंदोबस्ताला गेलेला. संगणकातली नोंद राहिली होती. मागच्या महिन्याची विवरणपत्रं चालू होती आणि मी ती सोमवारवर ढकलली होती. ही चूक माझी. शनिवारी पोलिसांनी जुनं वॉरंट घेऊन त्याला घरातून उचललं. त्यांचंही चुकलं नाही, त्यांच्या हातात वॉरंट होतं.

साहेबांना फोन केला, परवानगी घेतली, शिपायाकडून किल्ली आणवली, बंद कचेरीत मोबाइलच्या उजेडात रजिस्टर शोधलं आणि रद्दचा आदेश घेऊन यजमानांच्या स्कूटरवरून ठाण्यात गेले. रात्री अकराला त्याला सोडलं. बाहेर येऊन तो मला म्हणाला, 'बाई, मी तर कोर्टात येऊन गेलो होतो की.' रागाने नाही, समजत नसल्यासारखा.

त्यानंतर बरेच दिवस विचार केला. मी गुरुवारीच नोंद केली असती, तर? तरी काही फरक पडला नसता. ती आमच्या पडद्यावर दिसली असती, वेबसाइटवर दिसली असती, पण ठाणे अंमलदार रोज सकाळी आमची वेबसाइट उघडून बसत नाही. वॉरंट रद्द झालं की त्याच मिनिटाला ठाण्याच्या यादीतून ते आपोआप निघून जायला हवं. जामिनाचंही तसंच. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्थर रोड तुरुंगाबाहेरची जामीनपेटी, म्हणजे जामिनाचे आदेश टाकायची पेटी, टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिली, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटलं. आम्हाला नाही वाटलं. पेटी उघडायच्या वेळेत कागद पोहोचवायला धावणारे नातेवाईक आम्ही रोज पाहत होतो. पुढे ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला पाठवा. हे चांगलंच झालं. पण ई-मेल म्हणजे तरी काय, एका माणसाने टाइप करायचं आणि दुसऱ्याने उघडून पुन्हा टाइप करायचं.

मासिक विवरणपत्रांचा उल्लेख आला, तर तेही सांगून टाकते. महिन्यात किती दाखल, किती निकाली, किती शिल्लक हे नॅशनल ज्युडिशिअल डेटा ग्रिड या न्यायालयीन आकडेवारीच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतं. राज्यात ५० लाखांहून अधिक प्रकरणं प्रलंबित आहेत आणि त्यांत फौजदारी प्रकरणं दिवाणीच्या दुपटीहून जास्त, हे आपणही तिथेच पाहत असाल. तरी आम्ही तेच आकडे रजिस्टरवरून हाताने काढायचो. हातचा आकडा आणि ग्रिडचा आकडा जुळला नाही की खुलासा मागवला जायचा. खुलासा लिहिण्यात गेलेल्या वेळात नव्या नोंदी मागे पडायच्या, आणि पुढच्या महिन्यात आकडे आणखी चुकायचे.

आता आपण म्हणाल, बाई, सॉफ्टवेअर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीचं, रजिस्टरं उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअल या नियमपुस्तकातली, यात मंत्र्याने काय करायचं? हे उत्तर मी फार ऐकलं आहे, म्हणून तयारी करून आले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ६४ मध्ये लिहिलंय की पोलीस ठाण्याने किंवा न्यायालयाच्या प्रबंधकाने पत्ता, ई-मेल, फोन क्रमांक यांची नोंदवही ठेवायची, आणि तिच्यात आणखी काय असावं ते राज्य शासन नियमांनी सांगेल. कलम ४९७ म्हणतं की मुद्देमाल हजर झाल्यापासून १४ दिवसांत न्यायालयाने त्याचं विवरण तयार करायचं, राज्य शासन नियमांनी ठरवेल त्या नमुन्यात. म्हणजे नोंदवही तुमची, नमुनाही तुमचा. कागदावर छापलेला तक्ता म्हणून तो आमच्याकडे आला, तर सातवं आणि आठवं लिखाण सुरू झालं समजा. पोलिसांनी पंचनाम्याच्या वेळी भरलेली मुद्देमालाची यादीच विवरणाचा मसुदा म्हणून न्यायालयाच्या पडद्यावर आली आणि कारकुनाने ती फक्त वस्तूंशी ताडून पाहिली, तर १४ दिवस पुरतील. नाहीतर मुद्देमाल कारकुनाला १४ महिनेही पुरायचे नाहीत. त्या खोलीत एकदा डोकावून या, कोयते, चपला, दारूचे कॅन, सगळं एकावर एक.

रजिस्टरं बंद करण्याचा अधिकार आपला नाही, हे मान्य. पण उच्च न्यायालयाला विनंती करणं शासनाच्या हातात आहे. आणि रजिस्टरशिवाय राज्य चालतं हे आपल्याच महसूल खात्याने दाखवून दिलंय. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, त्यावर तलाठ्याची शाईची सही लागत नाही, आणि बँका त्यावर कर्ज देतात. जमिनीचा कागद संगणकातून चालतो, तर वॉरंटचं रजिस्टर संगणकातून का चालू नये? वीज गेली तर काय, असं विचारणारे भेटतीलच. त्यांना इन्व्हर्टर द्या. आमच्याकडे दोन वर्षं बॅटऱ्या मंजुरीत अडकल्या होत्या, तो विषय वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन.

पोलीस आणि तुरुंग गृह विभागाकडे, न्यायालयं आपल्या विभागाकडे. दोन्ही विभागांचे सचिव एकाच मंत्रालयात बसतात. कलम ६४ आणि ४९७ च्या नमुन्यांना हात लावाल तेव्हा त्या दोघांना एका टेबलाशी बसवा, आणि तिसऱ्या खुर्चीवर तालुका न्यायालयातला एखादा फौजदारी कारकून बसवा, नोकरीतला किंवा निवृत्त. प्रत्येक रकान्यापुढे तो सांगेल की हे नाव आधी कुठे लिहून झालंय.

कुणी मिळालं नाही तर मी येईन. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, प्रवासभत्ता मागणार नाही.

आपली,
एक निवृत्त सहायक अधीक्षक (फौजदारी)

सोबत : काही नाही. (दुसरी प्रत जोडलेली नाही.)