बर्फाखालचे उकीर

बोल्डर, कोलोरॅडो
२४ जून

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रब्बीत उंदरांनी गव्हाचे बांध पोखरले, हे वाचून वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी इथल्या डोंगरावर, नायवॉट रिजच्या कुरणात गेलो होतो, ११,५०० फुटांवर. बर्फ नुकताच वितळला होता आणि गवतावर मातीच्या जाड वळकट्या वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. उकीरच तो, पण असा लांबच्या लांब मी कधी पाहिला नव्हता.

हे पॉकेट गोफर नावाच्या, उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याचं काम. आपल्या घुशीहून बराच लहान, एकटा राहणारा, जन्म बिळातच काढणारा. गालांना बाहेरून उघडणारे केसाळ खिसे असतात, त्यांत मुळं भरून नेतो. माती दातांनी उकरतो, पण ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे तोंडात माती जात नाही. हिवाळ्यातही हा झोपत नाही रे! जाड बर्फाच्या पांघरुणाखाली जमीन फारशी गोठत नाही. तिथली माती उकरून तो बर्फातल्या भुयारांत ठासतो. बर्फ गेला की तीच माती गवतावर टेकते.

तुझी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात सगळं फुगतं आणि रान आपणच उलथंपालथं होतं. इथे थंडीने पाला कुजायलाही वर्षं लागतात, मुळांची वीण गच्च. ती फोडतो हा गोफर. एरवी जागा न मिळणारं बी त्याच्या उकिरावर रुजतं, भुसभुशीत मातीत पाणी मुरतं. मात्र खालून आलेली ही माती निकस असते, नायट्रोजन कमी. आणि उतारावरून वारा नि बर्फाचं पाणी ती वाहून नेतात. एका उघड्या उतारापाशी मी बराच वेळ बसून होतो. इतक्या थंडीत माती बनायला किती काळ लागला असेल, आणि ती अशी चालली, याने जीव हळहळला.

तरी १८ मे १९८० विसरवत नाही. त्या दिवशी अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला तेव्हा बिळांत असलेले काही गोफर वाचले, आणि राखेखालची जुनी माती त्यांनीच वर आणली. त्या मातीत झाडोरा पुन्हा रुजला.

तुझे बांध फुटले तर नुकसान तुझं, त्यामुळे उंदीर राहू दे असं मी म्हणणार नाही. पण पाऊस झाल्यावर बांधावरच्या उकिरावर आधी काय उगवतं, तेवढं बघून कळव. बांधावरचं आणि बाजूचं, दोन्ही. मला खरंच हवंय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
श्री