परीक्षकांत दुसरी, लोकांत शून्य

बाझल,
२५ मे २०२५

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "अगं, गाण्याच्या निकालावरून एवढी काय तावातावानं बोलायलीस?" कॉल मध्येच कटला, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते. अण्णा, हे मुख्यतः तुमच्यासाठी आहे. इतकी वर्षं अंबाजोगाईच्या आसपास भजन स्पर्धांना परीक्षक म्हणून जाताय, निकालानंतर लोकांची बोलणी खाऊन घरी येताय. तुम्हाला यातली गोम लगेच कळेल.

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. १९५६ साली पहिल्यांदा झाली ती इथंच स्वित्झर्लंडमध्ये, लुगानोला. जिंकणाऱ्या देशानं बहुधा पुढच्या वर्षीचं यजमानपद घ्यायचं. गेल्या वर्षी स्वीडनमध्ये माल्मोला नेमो या स्विस कलाकारानं बाजी मारली, म्हणून आवंदा स्पर्धा आमच्या बाझलला आली. त्यावर एवढा पैसा घालवायचा का, यासाठीसुद्धा इथं नोव्हेंबरात लोकांचं मतदान झालं! तिघांतल्या दोघांनी होकार दिला.

१७ मेला अंतिम फेरी झाली, सेंट याकोब्सहाले या सभागृहात. तिथलं तिकीट मिळायची आशाच नव्हती. शेजारच्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यांवर दाखवणार होते, तिथं ३६ हजारांच्या गर्दीत मी आणि ऑफिसातल्या दोघी जाऊन बसलो. २६ गाणी. स्वित्झर्लंडकडून झोई मे नावाची मुलगी गायली, फ्रेंचमधून. जन्म याच बाझलचा. नाच नाही, धूर नाही, आग नाही; माइकसमोर एकटी उभी राहून गायली. आवाज इतका निवांत की आमच्या रांगेतल्या पोरांनी बिअरचे ग्लाससुद्धा खाली ठेवले.

आधी परीक्षकांचे गुण आले. प्रत्येक देशाचे पाच जाणकार होते. त्यांच्याकडून ऑस्ट्रियाला २५८ आणि झोईला २१४, म्हणजे दुसरा नंबर. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. मग जनतेचे गुण. ते परीक्षकांकडे तळाला असलेल्या देशापासून वर वर वाचत येतात, त्यामुळं झोईचा नंबर शेवटून दुसरा. तोवर सगळे तिचा हिशेब बोटांवर मांडून बसलेले. आणि निवेदिकेनं सांगितलं, शून्य.

माझ्यापुढं एक आजीबाई होत्या, दोन्ही गालांवर लाल-पांढरा रंग लावलेल्या. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग पिशवीतून थर्मास काढून कॉफी ओतून घेतली आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "परीक्षकांना कान आहेत ना, तेवढं बास." एकूण २१४ वर झोई दहावी आली. ब्रिटनकडून गायलेल्या तिघींचंही असंच, परीक्षकांचे ८८ आणि जनतेचं शून्य. ब्रिटनला तर जनतेनं गेल्या वर्षीही भोपळाच दिला होता.

आता गंमत बघा अण्णा. शून्य म्हणजे कुणाला आवडलं नाही, असं नाहीच. प्रत्येक देशातली मतं मोजून क्रम लावतात आणि फक्त पहिल्या दहांना गुण देतात: १२, १०, मग ८ पासून १ पर्यंत. अकराव्याला जे मिळतं तेच पंचविसाव्याला, म्हणजे काहीच नाही. झोई सगळ्या देशांत अकरावी आली असती तरी शून्यच. त्यात स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, म्हणजे स्टेडियमभर टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा लोकांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. (बाकी जगाचाही एक वेगळा गट असतो. तुम्ही मोबाइलवरून मत देऊ शकला असता! पण तुमच्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली.)

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परीक्षकाला सगळी गाणी क्रमानं लावावी लागतात. तुमच्या त्या कागदावर सूर, ताल, उच्चार, साथसंगत असे रकाने असायचे आणि कुठल्याच मंडळाचा रकाना कोरा सोडता यायचा नाही, तसंच. त्यामुळं एखादं गाणं पाचांनाही "चांगलं आहे" एवढंच वाटलं, तरी ते वर येतं. घरी बसलेला माणूस मात्र "चांगलं आहे" म्हणून पैसे मोजून मत देत नाही. ज्याच्यासाठी जीव टाकतो त्यालाच देतो, आणि २०२५ च्या या स्पर्धेत एका माणसाला वीस मतं होती! वीसच्या वीस एकालाच दिली तरी चालत होती. म्हणून ज्याच्यामागं हट्टानं उभे राहणारे लोक आहेत, तो तरतो.

इस्राएलला जनतेनं सगळ्यांत जास्त, २९७ गुण दिले. परीक्षकांनी फक्त ६०. गाझातलं युद्ध चालू असताना ते सगळे गुण निव्वळ गाण्याचे होते, असं मला वाटत नाही. स्पेनच्या वाहिनीनं तर मतदानाचा तपशील मागितलाय. पण म्हणून जनतेची मतंच बंद करा म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. लोकांनी डोक्यावर घेतलेला पहिला आणि परीक्षकांचा तिसरा, हे भांडण तुमच्या प्रत्येक स्पर्धेत व्हायचंच, आणि दोन-तीनदा तरी लोकांचंच बरोबर होतं. (रागावू नका.) माझं म्हणणं एवढंच, की दहाच्या खाली सगळं पुसून टाकायची पद्धत सोडावी. आणि समोर कॅमेरा रोखून भर सभेत शून्य वाचून दाखवणं तर फारच वाईट.

शेवटी ऑस्ट्रियाचा जेजे राहिला. इस्राएलचे एकूण ३५७, याला शंभर हवे होते, मिळाले १७८. एकूण ४३६, आणि तोच जिंकला. हा पोरगा ऑपेरा गाणारा, बाईच्या पट्टीत जातो, आणि वर गेला तरी आवाज बारीक होत नाही, उलट भरतो. सगळं दृश्य काळं-पांढरं, वादळात हेलकावणारी नाव. शेवटी एकदम डिस्कोसारखा ठेका सुरू होतो, तो मला पटला नाही. सट्टेवाल्यांनी पहिला ठरवलेला संघ निराळाच होता, सौनावर (म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीवर) आपल्या बोलीत गाणारे फिनलंडचे तिघे, स्वीडनकडून. ते चौथे आले. मला आवडले होते.

अवकाळीनं केशरचे आंबे किती झोडपले ते कळवा. पुतण्याच्या मोबाइलवर जेजे आणि झोई, दोघांची गाणी पाठवलीत. कानात इअरफोन घालूनच ऐका, त्या छोट्या स्पीकरवर नको. नेहमीसारखे शंभरपैकी गुण द्या, रकान्यांसकट. आईकडूनही घ्या, पण वेगळ्या कागदावर, आणि पाठवायच्या आधी एकमेकांना दाखवू नका.

तुमची,
मनू