अर्धवेळ नोकरी आणि अर्धवट अडकलेला व्यवहार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिकता शिकता फिनटेक (तंत्रज्ञानाने पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या) कंपनीत अर्धवेळ प्रोग्रॅमिंग करणाऱ्या विद्यार्थ्यांचा विषय निघाला की बोलणं पगार आणि परीक्षेच्या तारखांवरच अडतं. त्यांच्या हाती काम कोणतं दिलं जातं, हे फारसं कोणी विचारत नाही. खरी गोची तिथेच आहे.

रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या अंदाजे दशांश संख्येत, ठेवू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून चलनाच्या सर्वांत लहान एककात (रुपयाऐवजी पैशांत) पूर्णांक साठवायचा. पण मग सरसकट शंभराने गुणलं जातं. जपानी येनला व्यवहारात दशांश नसतात आणि कुवेती दिनारचे हजार फिल्स होतात, तेव्हा गुणक चलनानुसार ठरायला हवा. १०० चे तीन समान भाग केले तर ३३.३३ प्रमाणे ९९.९९ च भरतात. उरलेला ०.०१ कोणाच्या वाट्याला जाणार, हे आधी ठरवून टेस्टमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या कोडमध्ये, लिहून ठेवावं. पायथॉनमध्ये २.५ राउंड केले की ३ नाही, २ मिळतात, हेही अनेकांना नवीन असतं.

याहून मोठा घोळ रीट्रायमध्ये, म्हणजे विनंती पुन्हा पाठवण्यात, होतो. पेमेंटची विनंती गेली, समोरच्या सर्व्हरने पैसे वळतेही केले, पण उत्तर वाटेत हरवलं. आपल्याकडे वाट पाहण्याची मुदत संपून टाइमआउट झाला, कोडने तो 'फेल' समजून विनंती पुन्हा पाठवली आणि ग्राहकाच्या खात्यातून रक्कम दोनदा गेली. टाइमआउटचा अर्थ 'काय झालं ते कळलेलं नाही' एवढाच असतो. त्यामुळे यशस्वी आणि अयशस्वी यांच्या जोडीला 'प्रलंबित' ही तिसरी अवस्था लागतेच. ट्रू-फॉल्सच्या एका कॉलमात हे मावत नाही.

यावर इलाज आयडेम्पोटन्सी कीचा, म्हणजे एका व्यवहाराला दिलेल्या एकाच ओळख-खुणेचा. ही की पहिल्या प्रयत्नाआधी तयार करून डेटाबेसमध्ये नोंदवायची आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवायची. नवशिक्याच्या कोडमध्ये मात्र की तयार करणारी ओळ बऱ्याचदा रीट्रायच्या लूपच्या आत सापडते. दर खेपेला नवी की, म्हणजे समोरच्याच्या लेखी दर खेपेला नवा व्यवहार! स्वतःकडे येणाऱ्या विनंत्या तपासताना 'आधी शोधा, नसेल तर घाला' एवढंही पुरत नाही. एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्या दोन्ही 'नाही' बघतात आणि दोन्ही आत शिरतात. तिथे तीच की दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा डेटाबेसचा नियम, म्हणजे युनिक कन्स्ट्रेंटच हवा.

वेबहुकचं, म्हणजे समोरच्या सर्व्हरकडून आपोआप येणाऱ्या निरोपांचंही तेच. ते दोनदा येतात, उलट्या क्रमाने येतात. त्यांची डिजिटल सही, निरोप जसा आला तशा मूळ बाइट्सवर तपासायची असते. फ्रेमवर्कने निरोपातला जेसन स्वरूपातला डेटा उलगडून पुन्हा जुळवला की सही जमत नाही, आणि मग 'तात्पुरती' म्हणून तपासणीची ओळच कॉमेंट करून बंद केली जाते. ती तशीच लाइव्ह गेली, तर खोटा 'पेमेंट झालं' निरोप कोणीही पाठवू शकतो.

आता यात अर्धवेळचा भाग. मंगळवारी आणि गुरुवारी चार-चार तास काम असेल, तर मंगळवारी संध्याकाळी मर्ज केलेल्या (मुख्य कोडमध्ये मिसळलेल्या) कोडची चूक बुधवारी सकाळच्या रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे हिशेब बँकेशी जुळवताना, उघडी पडते, आणि कोड लिहिणारा तेव्हा वर्गात असतो. म्हणून शिफ्टच्या शेवटच्या तासात मर्ज नकोच. टप्प्याटप्प्याने चालणारं मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलण्याचं काम, हेही एकट्या विद्यार्थ्याकडे देऊ नये: नवा कॉलम जोडणं, दोन्हीकडे लिहिणं, जुना डेटा भरणं, मग जुना कॉलम काढणं. हे अनेक रिलीजचं काम, आणि परीक्षा नेमकी दुसऱ्या टप्प्यावर येते. त्याऐवजी बँक स्टेटमेंट वाचून त्यातली माहिती वेगळी करणारा पार्सर, लेजरच्या (हिशेबाच्या खातेवहीच्या) टेस्ट, जमा-नावे न जुळणाऱ्या नोंदींचा अहवाल ही कामं द्यावीत. ती एक-दोन बैठकांत संपतात, आणि धंदा समजतो तोही यातूनच. न जुळलेली नोंद थेट बदलायची नसते, उलटी नोंद घालून दुरुस्त करायची असते, हे अशा अहवालावर आठवडाभर बसलं की आपोआप कळतं.

पहिल्याच दिवशी प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या, डेटाबेसचा पासवर्ड हाती ठेवणं याला काही कंपन्या विश्वास म्हणतात. मला तो निव्वळ आळस वाटतो. विद्यार्थ्याने स्वतःहून फक्त वाचण्यापुरता प्रवेश मागावा, तोही कार्ड क्रमांक झाकलेल्या प्रतीवर. सीव्हीव्ही (कार्डावरचा सुरक्षा क्रमांक) तर व्यवहार मंजूर झाल्यावर एन्क्रिप्ट करूनही साठवायचा नसतो. पण डीबगिंगसाठी अख्खी विनंती लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) छापली की तो तिथे जाऊन बसतो. चुकून एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली) गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, गेली, तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून उपयोग नाही, कारण ती इतिहासात राहते. आधी की रद्द करून नवी घ्यावी, वरिष्ठांना लगेच सांगावं, इतिहास नंतर साफ करावा.

आणि मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारावा: माझी शिफ्ट संपल्यावर रिकन्सिलिएशनमध्ये फरक निघाला, तर फोन कोणाला जातो? 'टीम बघते' हे उत्तर मिळालं, तर टीममध्ये नेमकं कोण, हे करारावर सही करण्याआधी विचारून घ्यावं.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता